"तसं काही नाही" ऐकायला शिकताना

मी कोचिंग शिकत होते, आणि त्यातल्या एका सेशनचं माझं पहिलं रेकॉर्डिंग ३४ मिनिटांचं होतं. माझं काम तपासून शिकवणाऱ्या मेंटॉर मॅडमनी सांगितलेलं की नुसतं पाठवू नका, आधी स्वतः सगळं टाईप करून काढा, शब्द न् शब्द, अं-हं सकट, आणि मग पाठवा. मी म्हटलं त्यात काय, मोबाईलवर बोललं की आपोआप टाईप होतं आजकाल, पण ते चालणार नाही म्हणाल्या, कानाला हेडफोन लावून हाताने टाईप करायचं. मग चार रात्री जेवणं झाल्यावर ओटा आवरून डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. दहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं, परत मागे न्यायचं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की समोरच्या बाईंची वाक्यं पूर्ण टाईपच होत नाहीयेत, कारण ती पूर्ण झालेलीच नाहीत. दर दोन-तीन वाक्यांनी मी मध्ये घुसलेय. त्या म्हणतात "मला ना घरी गेल्यावर असं..." आणि मी म्हणते "दमायला होतं ना, हो ना, साहजिक आहे". त्या म्हणतात "हो, म्हणजे तसंच". आणि ते "घरी गेल्यावर असं" जे काही होतं ते गेलं ते गेलंच. आजही मला माहीत नाही की त्या काय सांगणार होत्या.

शेवटी स्टॉपवॉच लावून मोजलं. ३४ मिनिटांपैकी १९ मिनिटं मी बोलत होते. आणि सेशन झाल्यावर मला मनापासून वाटलेलं की काय छान ऐकलं आपण आज.

सांगायचं म्हणजे मी मूळची क्वालिटीवाली. आधी भोसरी आणि मग चाकण मिळून १८ वर्षं ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांत क्वालिटीमध्ये काढली. कस्टमर कंप्लेंट आली की लाईनवर जायचं, पार्ट हातात घ्यायचा, ऑपरेटरला विचारायचं, सुपरवायझरला विचारायचं, व्हाय-व्हाय करायचं, म्हणजे परत परत "का" विचारत जायचं, रूट कॉज म्हणजे मूळ कारण काढायचं आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवायचा. त्यामुळे ऐकणं म्हणजे माझ्या डोक्यात हेच होतं की समोरचा बोलतोय त्यात डिफेक्ट कुठे आहे तो शोधायचा, आणि जितक्या लवकर सापडेल तितकं बरं, कारण पलीकडे कस्टमरची लाईन अडकलेली असते. मी त्यात चांगली होते, लोक म्हणायचे मॅडमना अर्ध्या वाक्यात कळतं. हे अर्ध्या वाक्यात कळणं मला पुढे किती महागात पडणार होतं याची तेव्हा कल्पना नव्हती.

२०२१ मध्ये नोकरी करता करता शनिवार-रविवार ऑनलाईन कोचिंगचा कोर्स सुरू केला, २०२२ च्या शेवटी नोकरी सोडली. ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोच म्हणजे इथे क्रिकेटचा नाही आणि क्लासचाही नाही. माणूस कामातला किंवा आयुष्यातला एखादा प्रश्न घेऊन येतो आणि त्याला स्वतःला विचार करायला मदत करायची, उत्तर द्यायचं नाही. यात इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणजे आयसीएफ नावाची संस्था आहे, १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, त्यांची क्रेडेन्शियल्स जगभर मानली जातात. पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, ६० तासांचं ट्रेनिंग, १०० तासांचं कोचिंग आणि १० तास मेंटॉर कोचिंग लागतं, ते पण किमान तीन महिन्यांत पसरलेलं. त्यांच्या आठ कॉम्पिटन्सी म्हणजे कोचला यायलाच हवीत अशी कौशल्यं आहेत, त्यातली सहावी ॲक्टिव्ह लिसनिंगची, म्हणजे मन लावून ऐकण्याची. कोर्समध्ये त्या आठांवर चर्चा झाली तेव्हा मी मनात म्हटलं की सहावी आपली होऊन गेलेली आहे, बाकीच्यांवर मेहनत घेऊ.

तर ते ३४ मिनिटांचं टाईप केलेलं ट्रान्सक्रिप्ट मॅडमकडे गेलं. मला वाटलं त्या म्हणतील कमी बोला. त्या म्हणाल्या, किती बोलता हे नंतर बघू, आधी हे वाचा, आणि माझे प्रश्न त्यांनी एका खाली एक वाचून दाखवले. "तुम्ही मॅनेजरशी मोकळेपणाने बोलून बघितलं का?" "आठवड्यातून एक दिवस वर्क फ्रॉम होम मागता येईल का?" "घरच्यांना कामं वाटून दिली तर?" वाचून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, यातला प्रश्न कुठला? ह्या सगळ्या सूचना आहेत, शेवटी फक्त प्रश्नचिन्ह लावलंय. मी गप्प बसले कारण ते खरंच होतं. त्या बाईंनी माझ्या प्रत्येक सूचनेला "हो, बघते" म्हटलं होतं आणि आपल्याकडे "बघते" म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट "का"ची. व्हाय-व्हाय हे आमच्या क्षेत्रातलं हत्यार, टोयोटाकडून आलेलं, पाच वेळा का विचारा आणि मूळ कारणापर्यंत पोचा. मशीनला का विचारलं तर मशीनला राग येत नाही. माणसाला, त्यातून मराठीत, "का" विचारलं की आधी त्याची पाठ ताठ होते. लहानपणापासून आपण "का" कधी ऐकलेला असतो, का उशीर झाला, का कमी पडले मार्क, का नाही जेवलास. म्हणजे "का" आला की आपण खुलासा द्यायला लागतो. माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये जिथे जिथे "का" होता तिथे तिथे पुढचं उत्तर "कारण" ने सुरू झालेलं आणि त्या उत्तरात नवीन काहीच नव्हतं, त्यांनी ते आधी दहा जणांना देऊन झालेलं असणार. मॅडमनी पुढच्या पाच सेशन्ससाठी "का" बंद केला. एवढं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं, तोंडापर्यंत यायचा आणि गिळायला लागायचा. त्याच्या जागी मग "तेव्हा मनात काय चाललं होतं?" "हे कसं ठरवलंत?" असं काहीतरी यायला लागलं, सुरुवातीला अगदी पाठ केल्यासारखं, पण लोक त्याला खुलासा देत नव्हते, थांबून आठवत होते. तो फरक पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्या रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं.

मग एक दिवस हेडफोन लावून बसलेली असताना एक वेगळंच डोक्यात आलं. आपल्याकडे "ऐकणं" या शब्दाचा अर्थच मुळात आज्ञा पाळणं असा झालाय. मुलगा ऐकत नाही म्हणजे काय, त्याचे कान खराब आहेत असं नाही, तो सांगितलेलं करत नाही. "माझं ऐक" म्हणजे मी म्हणते तसं कर. "त्याचं ऑफिसमध्ये कोणी ऐकत नाही" म्हणजे त्याला किंमत नाही. "ऐकून घ्यावं लागलं" म्हणजे बोलणी खाल्ली, आणि "चांगलं ऐकवलं तिला" म्हणजे काय ते माहीतच आहे. म्हणजे आपल्या भाषेत ऐकतो तो खालचा, ऐकवतो तो वरचा. सतरा-अठरा वर्षं वरच्या पायऱ्या चढत आलेल्या माणसाला परत खाली बसून ऐक म्हटलं तर आतून कुठेतरी विरोध होणारच, तो मला होत होता आणि मला कळत नव्हतं. आणि त्याच भाषेत दुसरीकडे नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा, कीर्तन त्याच्यानंतर. माझी आजी मिरजेला कीर्तनाला जायची तेव्हा म्हणायची की "श्रवण करून आले", ऐकून आले असं म्हणायची नाही. ते दोन शब्द तिने वेगळे ठेवले होते आणि मला चाळिशी उलटल्यावर त्याचा अर्थ लागला.

ॲक्टिव्ह लिसनिंग हा शब्द कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोघांनी १९५७ मध्ये एका छोट्या पुस्तिकेतून रूढ केला. रॉजर्स मानसोपचारातला मोठा माणूस, क्लायंटला केंद्रस्थानी ठेवणारी थेरपी त्याची. मला इंटरेस्टिंग वाटलं ते हे की तेव्हाही हे दोघं कारखान्यांतल्या, ऑफिसांतल्या लोकांबद्दल बोलत होते, सुपरवायझरने कामगाराचं कसं ऐकावं याबद्दल. म्हणजे माझ्याच शॉप फ्लोअरची गोष्ट. आणि त्यांचा मुद्दा साधा आहे, की समोरच्याला बदलायच्या इराद्याने ऐकलं तर ते ऐकणं राहत नाही. मी ते वाचलं आणि मला लाईनवरचे ऑपरेटर आठवले, ज्यांचं मी अर्ध्या वाक्यात "कळलं कळलं" म्हणून निघून जायचे. त्यातल्या एकाने मला तीन वेळा सांगायचा प्रयत्न केलेला की फिक्स्चर, म्हणजे पार्ट धरून ठेवणारा साचा, सकाळी गार असताना वेगळं बसतं. मी तिन्ही वेळा माझा मोजमापाचा गेज घेऊन बसलेले. शेवटी तेच निघालं, आठ दिवस गेल्यावर.

आता शांततेबद्दल, कारण सगळ्यात जास्त त्रास मला तिथे झाला. २००९ मध्ये दहा भाषांवर एक अभ्यास झालेला, जपानीपासून डॅनिशपर्यंत, त्यात दिसलं की एक जण प्रश्न विचारून थांबतो आणि दुसरा उत्तर द्यायला लागतो यातलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंद असतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. माणूस समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं वाक्य तयार करत असतो. मराठी त्यात नव्हती पण आमच्या घरी पाहुणे आले की आमचं अंतर शून्याच्याही खाली जातं, चार जण एकदम बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. आणि मॅडमनी आणखी एक सांगितलेलं, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते, ते तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबली, आणि गप्प बसणारी मुलंपण बोलायला लागली. फक्त दोन सेकंद जास्त.

मी ठरवलं तीन सेकंद थांबायचं. आणि मनात एक-दोन-तीन मोजायला लागले. मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकून ओळखलं, म्हणाल्या तुम्ही आकडे मोजताय, तेवढा वेळ तुम्ही तिथे नाहीच आहात. मग करू काय? त्यांनी सांगितलं की हातात काहीतरी धरा. मी चहाचा कप धरायला लागले, दोन्ही हातांनी, तो जड कप आहे माझा, चिनी मातीचा. कप हातात असला की पेन हातात नसतं, आणि पेन नसलं की नोट्स नसतात, आणि माझ्या नोट्स हा एक स्वतंत्र प्रॉब्लेम होता कारण मी लिहायला खाली बघितलं की लोक बोलायचे थांबायचे, मी वर बघितलं की मग सारवासारव करून पुढचं बोलायचे. आता एका तासात तीन-चार शब्द लिहिते फक्त, तेपण त्यांचे, माझे नाही.

दुसरं म्हणजे हुंकार. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तर आम्ही "हं" म्हणायचं, नाही म्हटलं तर ती समजायची की झोपली पोरं आणि गोष्ट थांबायची. ते रक्तात आहे आपल्या. ऑनलाईन सेशनला माझं "हो हो, हं, अगदी, बरोबर" इतकं चालायचं की मी एकदा उपाय म्हणून स्वतःला म्यूटच करून टाकलं. दोन मिनिटांत पलीकडून "हॅलो? मॅडम? आवाज येतोय ना?" म्हणजे हुंकार पाहिजे, त्याच्याशिवाय माणसाला भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मग ट्रान्सक्रिप्टमध्ये मी माझे हुंकार रंगवले, साधा "हं" एका रंगात आणि "हो ना", "अगदी", "बरोबर" दुसऱ्या रंगात. साध्या "हं" नंतर लोक पुढे जात होते. "अगदी" नंतर तिथेच थांबत होते किंवा तेच परत सांगत होते, कारण मी पसंती दिलेली ना, पसंती मिळाली की माणूस तिथेच रेंगाळतो. ही गोष्ट मला कुठल्या कोर्समध्ये कळली नाही, रंगवून कळली.

आता एक सेशन सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. एक सर होते, पन्नाशीचे, प्लांट सांभाळणारे. विषय घेऊन आलेले की टीम ओनरशिप घेत नाही, म्हणजे काम आपलं मानून जबाबदारी घेत नाही. तीन सेशन्स आम्ही त्याच्याभोवती फिरत होतो, ते छान बोलायचे, मुद्देसूद, मीटिंगमध्ये बोलतात तसं. चौथ्या सेशनला मी नेहमीसारखं विचारलं की आज कसे आहात, तर म्हणाले, "तसं काही नाही, चाललंय."

मी आधीची असते तर म्हटलं असतं, "छान, मग आज कुठून सुरुवात करूया?" तोंडात आलेलंच होतं. पण "तसं काही नाही" हे मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी कुठे विचारलं होतं की काही झालंय का? म्हणजे "तसं" कसं? मी कप धरून बसले. त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता, बाहेर कुठेतरी कावळा ओरडत होता. त्यांनी कॅमेऱ्याकडून खाली बघितलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. नंतर टाईप करताना बघितलं तर १४ सेकंद होते, तेव्हा मात्र पाच मिनिटं वाटलेली.

मग म्हणाले, "मुलगी बारावीला आहे. काल कळलं की तिने एक क्लास दोन महिन्यांपूर्वीच सोडलाय. आईला माहीत होतं. मलाच शेवटी कळतं सगळं."

त्या "मलाच" वर जोर होता. "मला शेवटी कळतं" ही माहिती झाली. "मलाच शेवटी कळतं" यात काय काय आहे. मी फक्त त्यांचे शब्द परत ठेवले, "तुम्हालाच शेवटी". आणि थांबले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग जे बोलले ते माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. म्हणाले, "कंपनीतपण तेच आहे हो. प्रॉब्लेम छोटा असताना मला कोणी सांगत नाही. मोठा झाल्यावर येतो माझ्याकडे." आणि मग स्वतःच, हळू आवाजात, "छोटा असताना कोणी सांगितला तर मी काय करतो?"

तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्याच एका प्रश्नावर होतो आणि मी जेमतेम आठ-दहा वाक्यं बोलले असेन. ओनरशिपवर माझ्याकडे तयार असलेले दहा प्रश्न तसेच राहिले.

तिथून मला मराठीत काय ऐकायचं याचा नादच लागला. कोर्समधली सगळी उदाहरणं इंग्लिशमधली होती, आवाजातला चढउतार, एनर्जी वगैरे, ते तर आहेच, पण आपल्या भाषेच्या अशा काही जागा आहेत की तिथे कान दिला तर खूप काही मिळतं. "च" बद्दल सांगितलंच. तसंच "करायचंय" आणि "करावं लागतंय". एकच माणूस एकाच कामाबद्दल बोलताना सुरुवातीला म्हणतो मला टीम मोठी करायचीय आणि दहा मिनिटांनी म्हणतो टीम मोठी करावी लागणार, मध्ये काय झालं? दहा मिनिटांत इच्छेची सक्ती झाली आणि त्याला स्वतःला पत्ता नाही. मी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवते फक्त, "आधी करायचीय म्हणालात, आत्ता करावी लागणार म्हणालात". बहुतेक जण इथे हसतात आणि मग एकदम गंभीर होतात.

किंवा "मी" जाऊन "आपण" येणं. "मला वाईट वाटलं" म्हणणं जड जातं तेव्हा आपल्याकडे म्हणतात "शेवटी आपल्याला वाईट वाटतंच ना", किंवा त्याहून लांब, "माणसाला वाटतंच". दुखणं जितकं जवळचं तितका कर्ता लांब जातो. आणि "कंटाळा". हा शब्द मी पहिल्या वर्षी किती वेळा चुकीचा घेतला त्याला गणती नाही. कोणाचा कंटाळा म्हणजे झोप झाली नाही, कोणाचा म्हणजे काम सोपं झालंय आणि मजा येत नाही, कोणाचा म्हणजे आता हे सहन होत नाही. मी सरसकट सगळ्याचं "स्ट्रेस" करून टाकायचे आणि पुढे सगळं बोलणं स्ट्रेसवर जायचं, आणि तो माझा शब्द होता. आता विचारते, कंटाळा म्हणजे तुमचा कसा कंटाळा आहे? विचित्र वाटतो हा प्रश्न मराठीत पण लोक फार मनापासून उत्तर देतात त्याचं.

एक मात्र सांगायला पाहिजे, की या नादात मी घसरलेपण. एक मुलगी, आयटीतली, छान मराठीत बोलता बोलता प्रमोशनच्या विषयावर एकदम म्हणाली, "आय ॲम ओके विथ इट." मला वाटलं हे बघा, अवघड जागा आली आणि भाषा बदलली, मी मोठ्या विश्वासाने म्हटलं की इथे तुम्ही इंग्लिशमध्ये गेलात, इथे काहीतरी आहे असं दिसतंय. ती म्हणाली, "नाही मॅडम, मॅनेजरला मेलमध्ये हेच लिहिलंय म्हणून तेच आलं तोंडात." आणि पुढची दहा मिनिटं ती माझ्याशी जपून बोलत होती, प्रत्येक शब्द तोलून. माझं निरीक्षण चूक की बरोबर हा प्रश्नच नव्हता, मी त्याचा निकाल लावून टाकला होता, आणि तिला वाटलं असणार की ही बाई आपल्याला तपासतेय. हे परत माझं क्वालिटीचंच होतं, डिफेक्ट पकडला ना. आता मी दिसलं ते सांगते आणि अर्थ त्यांच्यावर सोडते, आणि ते नाही म्हणाले तर नाही.

घरी हे सगळं सगळ्यात उशिरा आलं. मुलगा तेव्हा दहावीत होता. कोर्समध्ये शिकवलेलं पॅराफ्रेजिंग, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला परत मांडून दाखवणं, मी त्याच्यावर करायला लागले. तो म्हणाला "मला ट्यूशनला जायचा वैताग आलाय", मी म्हटलं "म्हणजे तुला ट्यूशनला जायचा वैताग आलाय असं तू म्हणतोयस". तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आई, माझंच वाक्य मला परत सांगू नकोस, तू ऐकतेयस की क्लायंट-क्लायंट करतेयस?" लागलं मला ते. पण त्याचं खरं होतं, मी वाक्य परत करत होते आणि डोक्यात मात्र चालू होतं की दहावीत ट्यूशन सोडून कसं चालेल. वाक्य ऐकू आलेलं, मुलगा ऐकू आला नव्हता. त्यानंतर घरी मी टेक्निक बंद केलं पूर्ण. एकच ठेवलं, तो बोलायला आला की गॅस बारीक करायचा आणि वळून उभं राहायचं. बाकी काही नाही. पोळ्या लाटता लाटता पाठमोरी "बोल, ऐकतेय मी" म्हणायचे ना, ते बंद.

ऐकायला लागलं की आणखी एक होतं त्याबद्दल नवीन कोच मंडळींना मनापासून सांगायचंय. माणसाला खूप दिवसांनी कोणीतरी ऐकणारं मिळालं की बांध फुटतो. कधी असं काही बाहेर येतं की ते आपलं क्षेत्रच नसतं, झोप पूर्ण उडालेली, जगण्यात अर्थ वाटत नाही, जुनी मोठी जखम. माझ्याकडे एका सेशनला असं झालं तेव्हा मी आतून घाबरले होते. तिथे आपण छान ऐकतोय म्हणून ऐकत राहणं हा त्या माणसावर अन्याय आहे. नीट, स्पष्टपणे सांगायचं की याच्यासाठी थेरपिस्टकडे किंवा डॉक्टरकडे जायला हवं, आयसीएफच्या नीतिनियमांतपण ते आहे, आणि मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आता कायम समोर लिहून ठेवते. त्या व्यक्तीला मी त्या दिवशी एकटीला फोन ठेवू दिला नाही, बहिणीला बोलावून घेईपर्यंत लाईनवर थांबले.

आणि दमणं. दिवसाला तीन सेशन्स, त्याच्यावर नाही. चौथ्या सेशनला मी काय ऐकलं हे मी रेकॉर्डिंग काढून बघितलंय, मी पुन्हा अर्ध्या वाक्यावर यायला लागते, अगदी पहिल्या ट्रान्सक्रिप्टसारखी. दोन सेशन्सच्या मध्ये वीस मिनिटं, त्यात फोन बघायचा नाही, गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालते किंवा नुसती उभी राहते. पैशाच्या हिशोबाने हे परवडत नाही असं सगळे म्हणतात आणि पहिल्या वर्षी मलापण तसंच वाटायचं, पण मला जमतं ते एवढंच आणि घेणाऱ्याने पैसे ऐकण्याचे दिलेले असतात.

आता पुढच्या पायरीची, पीसीसीची तयारी चालू आहे, त्याला ५०० तास लागतात, माझे ३६० झालेत. रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट तिथेही द्यावं लागतं, त्यामुळे महिन्याला एक सेशन अजूनही हाताने टाईप करते, ज्यांची परवानगी असेल त्यांचं. मागच्या महिन्याच्या ४१ मिनिटांत मी ९ मिनिटं बोलले. शांततेच्या जागा कंसात सेकंदांसकट लिहिते. वाक्याच्या मध्ये दोनदाच घुसले. पण "बरोबर" ११ वेळा आहे, मोजला मी. दर वेळी तो "बरोबर" म्हणताना माझा आवाज खाली उतरतो, शेरा मारल्यासारखा, आणि ११ पैकी ७ वेळा त्याच्यानंतर समोरच्यांनी विषय बदललाय. मॅडमना पाठवलंय. शनिवारी बोलायचंय त्यावर.